पिशवी

बेतान्सोसमध्ये चांभाराच्या बंद दुकानावर आमची खोली:
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे, एक साउंड कार्ड,
तीन खुर्च्या,
आणि सात वर्षं मुरलेलं भांडण.

ब्राइस म्हणतो, सूर तयार झाला की पुढे ढकला.
सर्व्हरच्या रांजणात साठू दे,
कार्ड पीत राहील सावकाश.
रांजण भरलेला असला की
विहीर किती लांब आहे, कोण विचारतं?

उशिया म्हणते, कार्डाला स्वतःचं घड्याळ आहे.
दर पाच मिलिसेकंदांनी ते हात पसरतं.
त्या हातावर ठेवा दोनशे छप्पन्न दाणे,
तेव्हाच आणि तेवढेच.
साठवलेला सूर शिळा असतो.

"म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची!"
"आणि तू? पाहुणा नको-नको म्हणतोय,
तू वाढतोच आहेस."

मी तिसरी. दोघांच्या शाखा एकत्र आणते,
त्या पुन्हा फुटतात.
एका फाइलीत एकशे बारावी ओळ
चौदा वेळा बदलली आहे,
सात वेळा त्याने, सात वेळा तिने.
ती ओळ वाचताना मला
दोघांचा श्वास ऐकू येतो.

ऑक्टोबरात एलादियो आला,
एका काखेत गैता, दुसऱ्या हातात
भाजलेल्या चेस्टनटची पुडी.
वय एकोणऐंशी. आजवर कधी रेकॉर्ड झाला नव्हता.
मुलीने जिनिव्हाहून हट्ट धरला म्हणून आला.

आधी ब्राइसची पद्धत.
म्हाताऱ्याने हेडफोन घातले, दोन सूर वाजवले, थांबला.
मागे वळून पाहिलं.
"माझ्या मागून कोण चालतंय?"
त्रेचाळीस मिलिसेकंद.
ब्राइस खाली मान घालून बुटाची नाडी बांधू लागला,
बांधलेलीच होती.

मग उशियाची.
आता सूर बोटांना चिकटून होता, सावलीसारखा.
म्हातारा खुलला.
तिसऱ्या मिनिटाला कुठलीशी प्रक्रिया
नको तेव्हा जागी झाली,
कार्डाने हात पसरला, हातावर काहीच पडलं नाही.
टक्.
उशियाने डोळे मिटले.
एलादियो वाजवतच राहिला.

नंतर चेस्टनट सोलता सोलता
आम्ही त्याला विचारलं, तो फुंकतो कधी?
कारण श्वास घेताना गैता गप्प होत नव्हती.
त्याने पिशवीवर हात ठेवला,
करडाचं कातडं, कोपराच्या जागी काळं पडलेलं.
"तोंड देतं, जमेल तेव्हा.
जिभाळी घेते, तिला हवं तेव्हा.
मधे कोपर आहे."

"बघ, रांजण!" ब्राइस उठून उभा राहिला.
"बघ, जिभाळी मागते!" उशियाही.
दोघे एकाच वेळी,
आणि पुन्हा तेच सगळं, साडेअकरापर्यंत,
पिशवी किती मोठी, कोपर कुणाचं,
घड्याळ आतलं की बाहेरचं.
म्हातारा खुर्चीतच झोपला.
त्याच्या मांडीवर गैता हळूहळू रिकामी होत गेली
आणि शेवटी एक लांब, ओबडधोबड सूर सोडून
निजली.

तो सूर कुणीच रेकॉर्ड केला नाही.

मी दुसऱ्या दिवशी फाइल जिनिव्हाला पाठवली.
टक्-चा डाग पुसता आला असता,
अर्ध्या तासाचं काम.
पण साडेअकराच्या भांडणानंतर अंगात त्राण नव्हतं.

दोरिन्दाचं उत्तर आलं, आभाराच्या चार ओळी,
आणि खाली पाचवी:
तिसऱ्या मिनिटाला घराची कडी कुणी लावली?
आई होती का तिथे?

तिची आई जाऊन सहा वर्षं झाली,
हे मला एलादियोने पुलावर भेटला तेव्हा सांगितलं,
पाव घेऊन चालला होता.

ब्राइस अजून ढकलतो आहे, उशिया अजून मागते आहे,
एकशे बारावी ओळ आता सोळा वेळा बदलली.
त्या टक्-ची नोंद दोषांच्या यादीत माझ्या नावावर आहे.
रोज उघडते. कारण वाचते. उपायही ठाऊक आहे.

बंद करत नाही.